सगळ्यांनी मिळून ठेवलेलं नाव

शेजारच्या सुलभाताई निवृत्त नर्स. कुणाला रक्त हवं असलं की त्या घरबसल्या रक्तदात्यांना फोन करतात. परवा म्हणाल्या, “हल्ली कुणी उचलतच नाही गं. तुला लावून बघते.” माझ्या नव्या मोबाइलमध्ये त्यांचा नंबर नव्हता. स्क्रीन लाल झाली आणि त्यावर अक्षरं आली: ‘फसवी बाई’.

“हे कोणी लिहिलं?”

“एकानं नाही, ताई. फोन कुणाचा ते दाखवणारं ॲप असतं, त्यात लोक अनोळखी नंबरला नावं देतात. जास्त जणांनी दिलेलं नाव सगळ्यांना दिसतं.”

“मग मी भांडू कुणाशी?”

गावात कुणी नाव ठेवलं तर त्याच्या दारात जाऊन जाब तरी विचारता येतो. इथे चहा निवेपर्यंत कुणीतरी बटण दाबतं, दुसरा त्याला दुजोरा देतो, आणि आयुष्यभर रुग्णसेवा केलेली बाई लबाड ठरते. त्या बिनचेहऱ्याच्या शहाण्यांचा मला संताप आला. दुपारची झोपमोड झाली म्हणून मीही कितीतरी नंबरांना असंच नाव ठेवलं होतं, म्हणून स्वतःचाही.

ताईंनी पुढचा नंबर लावला. रिंग वाजून वाजून थांबली.

“बाळंतिणीला रक्त हवंय गं,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा तोच नंबर लावला.