ओल्या चिपाडाचा धूर

दोन हजार चोवीस साल. माघ सरत आलेला, गुऱ्हाळाचा हंगाम ऐन भरात, आणि त्यात पाऊस! घाटनांदूरकडच्या आमच्या गुऱ्हाळावर त्या एका हंगामात जेवढे किस्से झाले, तेवढे आधीच्या साऱ्या हंगामांत मिळून झाले नसतील. किस्से चिपाडासारखे साठतात. रस निघून जातो, ढीग तेवढा उरतो.

मी गुळव्या. काहिलीत रस कढत असतो, तिच्या काठावर उभा राहून पाक ओळखणारा माणूस. नामा जाळव्या. काहिलीखाली चुलवाण असतं आणि त्याचं तोंड खाली खड्ड्यात असतं. नामा त्या खड्ड्यात बसून चुलवाणात चिपाड सारतो. मी वरून ओरडायचं, "जाळ वाढव!" किंवा "जाळ आवर!" त्यानं खालून तसं करायचं. उभी हयात अशी गेली. एकमेकांचं तोंड कमी पाहिलं, आवाज जास्त ऐकला.

चिपाड म्हणजे रस काढून राहिलेला ऊस. वाळलेलं असलं तर जाळ होतो, ओलं असलं तर धूर. पूर्वी माघात पाऊस नसायचा. आता कधीही येतो. त्या साली आला, ढीग भिजला, आणि धूर सगळा नामाच्या छातीत गेला. खोकला लागला तो थांबेना. नामानं खड्डा सोडावा म्हणून सगळे त्याच्या मागं लागले.

"हंगाम संपू द्या," नामा म्हणायचा.

त्याची बायको वत्सलाबाई म्हणायच्या, "हंगामाच्या आधी तुमीच संपताल!"

*

चिपाड वाळवायचं काम वत्सलाबाईंचं. पाऊस उघडला, ऊन पडलं, पण रान चिखलाचं. बाईंनी काय करावं? सगळं चिपाड डोक्यावर वाहून नव्या सिमेंटच्या सडकेवर पसरलं. अर्धी सडक बंद!

एक पांढरी कार येऊन थांबली. आतल्या साहेबानं काच खाली केली. "बाई, हा रस्ता गाड्यांसाठी आहे!"

"मंग थांबलाव कावून?" वत्सलाबाई म्हणाल्या. "चालवा की वरून. चाकाखाली लवकर वाळतंय!"

साहेब बिचारा गेला वरून. बाईंनी मागून हाक मारली, "ओ साहेब! माघारी येताना बी ह्याच अंगानं या!"

*

गुऱ्हाळाचे मालक बाळासाहेब. जमीन मोठी, राजकारणात ऊठबस, बोलणं गोड. चिपाड ओलं म्हणून त्यांनी ट्रॉली भरून जुने टायर आणले.

"मालक, ह्यानं गूळ नासतो," मी म्हणालो.

"आप्पा, खाली काय जळतंय ते वर गुळाला काय कळतंय?"

"कळतंय."

ऐकलं नाही. एक दिवस टायर जळले. काळा धूर गावावर जाऊन बसला. मास्तरांनी शाळेच्या खिडक्या लावून घेतल्या. दोरीवरची धोतरं काळी झाली. पाळण्यातली लेकरं खोकायला लागली. बायका घमेली घेऊन भांडायला आल्या. बाळासाहेब सगळ्यांना म्हणाले, "बघू, बघू."

दुसऱ्या दिवशी तो गूळ घेऊन आम्ही बाजारात गेलो. आडत्यानं खडा फोडला, तोंडात टाकला, घोळवला आणि बाजूला थुंकला.

"बाळासाहेब," तो म्हणाला, "ह्याच्यात हवा किती भरायची?"

उरलेले टायर त्याच दिवशी परत गेले. गावाच्या खोकल्यानं जे झालं नाही ते आडत्याच्या जिभेनं झालं.

*

गाव नाराज झालं होतं. म्हणून बाळासाहेबांनी आम्हा सगळ्यांना मास्क वाटले. पांढरेशुभ्र, आणि प्रत्येकावर त्यांचा हसरा फोटो. नामा घालेना. "तोंडावर मालक बांधून कसं काम करू?" म्हणाला. वत्सलाबाईंनी स्वतः बांधला तेव्हा गप बसला.

दुपारी बाळासाहेब फोटोग्राफर घेऊन आले. आम्ही ओळीनं उभे राहिलो. सगळे मास्क काजळीनं भरलेले. कुणाच्या तोंडावर बाळासाहेबांची नुसती मिशी उरली होती, कुणाच्या एक कान. नामाच्या मास्कवर तर काहीच दिसत नव्हतं.

बाळासाहेब जवळ गेले, वाकून पाहिलं. "ह्यात मी कुठं हाय बे?"

नामानं हात जोडले. "मालक, आज माज्या वाट्याचा धूर तुमी खाल्लाव!"

फोटो निघाला नाही. पुढचे मास्क कोरे आले.

*

गावातलीच आशाताई. दवाखान्याची माहिती घरोघर देते. पोरगी कष्टाळू. पाऊस गेला तसं एकाएकी ऊन तापलं. शिमगा अजून यायचा होता, आणि गुळाच्या ढेपा बसेनात, पाघळायला लागल्या. आशाताई उन्हाचं सांगायला गुऱ्हाळावर आली.

"दुपारी बारा ते चार उन्हात जाऊ नका. सावलीत बसा."

खड्ड्यातून आवाज आला, "ताई, उन्हाचा टाइम कळला. आता जाळाचा टाइम सांगा!"

ताईनं हातातला कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "काका, ह्याच्यात जाळाचं न्हाई लिहिलेलं."

मग तिनं पुड्या काढल्या. पाण्यात टाकून प्यायच्या, अंगातलं पाणी टिकतं म्हणाली. मी विचारलं, "काय हाय ह्याच्यात?"

"मीठ आन् साखर, आप्पा."

"गुळव्याला साखर पाजतीस?"

तिनं पुडी परत पिशवीत टाकली. माझ्यापुढचा गुळाचा खडा उचलला, तांब्यात विरघळवला, चिमूटभर मीठ टाकलं आणि तांब्या माझ्यापुढं धरला. मी प्यालो. चांगलं होतं. तांब्या रिकामा करून परत पुढं केला.

*

बाळासाहेबांच्या फोनवर हवा कळते. कुठं चांगली, कुठं वाईट, रंग दाखवतो. एक दिवस ते धुरातच उभे राहून फोन पाहत होते. डोळ्यांतून पाणी चाललेलं.

"हिरवं दाखवतंय!" ते म्हणाले. "आपल्याकडं हवा चांगली हाय. तुमी कावून खोकताव बे?"

एवढं बोलले आणि धूर त्यांच्या घशात गेला. असा ठसका लागला की फोन हातातून पडला, टोपी पडली, दोन माणसांनी पाठ चोळली.

खालून नामा म्हणाला, "मालक, फोन बघा, फोन!"

*

आशाताईनं अंबाजोगाईहून एक डॉक्टरीणबाई आणली. वयानं लहान, बोलायला सरळ. तिच्याकडं एक नळी होती. फुंकलं की काटा पुढं सरकायचा. छातीत दम किती ते त्यावरून कळतं म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी फुंकलं. मग नामाला वर बोलावलं. आता नामाच्या फुंकरीचं काय सांगावं! विझलेल्या चुलवाणात त्यानं नुसत्या तोंडानं जाळ उठवलेला मी पाहिलाय. माणसं काम सोडून गोळा झाली. नामानं धोतर खोचलं, मिशा बाजूला केल्या, "म्याडम, मशीन घट धरा," म्हणाला आणि फुंकलं.

काटा जागचा हलला न हलला.

नामानं नळी उलटी करून पाहिली, आतून पाहिली, झटकली आणि डॉक्टरीणबाईच्या हातात दिली.

"मशीन ओलं हाय, म्याडम. उन्हात वाळवून आणा!"

सगळे हसले. डॉक्टरीणबाई हसली नाही. तिनं मला बाजूला घेतलं. "तुमचं ऐकतात ना ते? त्यांना त्या खड्ड्यातून बाहेर काढा. उद्याच दवाखान्यात आणा, मी थांबते. असंच धुरात बसले तर नाकाला नळी लावूनच श्वास घ्यावा लागेल."

मी नामाला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." हे बाळासाहेबांकडून शिकला असावा.

*

आता शेवटचं. त्यासाठी आदल्या हंगामातलं थोडं सांगावं लागेल.

काहिलीत एका वेळी भरलेल्या रसाला आम्ही आधण म्हणतो. आधण चुलीवर असताना जाळव्यानं खड्डा सोडायचा नाही आणि दुसऱ्या कुणी जाळाला हात लावायचा नाही. गुळव्या वरून "उतरलं!" म्हणाला की मगच जाळव्या मोकळा. मधेच जाळ सुटला तर गूळ बसत नाही, आधण नासतं.

आदल्या हंगामात उन्हाचा असाच कहर झाला. काहिलीच्या काठावर मला भोवळ आली. नामाला खालून काही दिसत नव्हतं. माझा आवाज बदलला तेवढं त्यानं ओळखलं. त्यानं पेटतं चिपाड बाहेर ओढलं, धावत वर आला आणि धोतराला धरून मला मागं खेचलं. आधण नासलं. बाळासाहेब आले. "कुणी नासवलं?" मी तोंड उघडायच्या आत नामा म्हणाला, "म्या. डोळा लागला."

जाळावर डोळा लागला असं कुठला जाळव्या म्हणेल? मेला तरी म्हणणार नाही! तेव्हापासून रोज ऐकवायचा, "आप्पा, तुज्यावर माजं एक आधण हाय." मी ऐकून घ्यायचो.

तर डॉक्टरीणबाई येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी वत्सलाबाईंनी गावातली जीप आणून सडकेला उभी केली. नामा खड्ड्यातून म्हणाला, "आधण उतरल्याबिगर येत न्हाई."

"आन् हे उतरलं की मालक दुसरं भरत्याल!" वत्सलाबाई म्हणाल्या.

"मंग ते उतरल्यावर येतो."

चिपाड त्या दिवशीही दमटच होतं. खड्डा धुरानं भरला. नामाचा खोकला चालू होता. मग खोकला थांबला आणि नुसती घरघर ऐकू यायला लागली. जीपवाला हॉर्न वाजवत होता. वत्सलाबाई एरवी तोंडाला कुलूप घालणाऱ्या नव्हेत. त्या आज नुसत्या माझ्याकडं पाहत उभ्या राहिल्या.

मी काहिलीत पाहिलं. रसाला नुसता फेस आला होता. मळी काढायची होती. पाकाचा पत्ता नव्हता.

"उतरलं!" मी ओरडलो.

खालून नामाचा आवाज आला, "इतक्यात?"

"गुळव्या कोण हाय, तू का मी? उतरलं म्हणलं ना! जाळ वढ!"

त्यानं जाळ ओढला. खड्ड्याच्या पायऱ्या थांबत थांबत चढला. काहिलीच्या काठाला हात टेकून आत पाहिलं. रस पाण्यासारखा हलत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी काहिलीकडं पाहत राहिलो.

तेवढ्यात बाळासाहेब पळत आले. "आप्पा! आधण कुणी नासवलं?"

"मी."

"तुमी? आवो, कावून?"

"डोळा लागला."

"उभ्या उभ्या?"

"उभ्या उभ्या."

नामाला हसू आलं आणि हसता हसता ठसका लागला. वत्सलाबाईंनी दंडाला धरून त्याला सडकेपर्यंत नेलं, जीपमध्ये बसवलं, स्वतः शेजारी बसल्या. जीप सुरू झाली. नामानं मान बाहेर काढली.

"आप्पा," तो म्हणाला, "फिटलं."