‘अजून खाली’ म्हणालो तो मी

आठवडाभर मी तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथं माझं बोलणं ‘माल आला’ आणि ‘माल गेला’ एवढंच. पण पाऊस उघडला आणि गावोगावची मैदानं रोलरखाली गेली, की रविवारी माझ्या हातात माइक येतो. टेनिस बॉल क्रिकेटचा मी समालोचक. मूळचा साताऱ्याकडचा, नावड्याच्या कॉलनीत राहायला आलो तेव्हा इथं कुत्रं ओळखत नव्हतं. एकदा मॅच बघायला उभा होतो, ठरलेला समालोचक आलाच नाही, म्हणून कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. त्यानंतर आसपासच्या आगरी गावांत मी ‘मास्तर’ झालो. शाळेत कधी शिकवलं नाही, पण बोलतो ना, म्हणून मास्तर.

त्या रविवारी नावड्याजवळच्या एका गावात फायनल होती. यजमान गावाचीच टीम फायनलला पोचलेली, त्यामुळं दुपारी तीनलाच मैदान फुल्ल. एका बाजूला बायकांसाठी मंडप, बाकी तिन्ही बाजूंनी बांबूचं कुंपण. आत-बाहेर जायला एकच दरवाजा, तोही दोन माणसं जेमतेम जातील एवढा. मॅच मोबाइलवर लाइव्ह दिसत होती. दुबईत कामाला गेलेले गाववालेसुद्धा तिकडून मेसेज टाकत होते आणि मी ते माइकवरून वाचून दाखवत होतो.

लाइव्हसाठी ड्रोन आणला होता माझ्या मेहुण्यानं. बायकोचा धाकटा भाऊ, लग्नं आणि हळदी शूट करणारा. कमिटीला त्याचं नाव मीच सुचवलं होतं. मी ज्यावरून बोलतो त्या मचाणाखाली टेबल टाकून तो रिमोट घेऊन उभा होता. ड्रोन मैदानाच्या बाहेरच्या कडेनं, मोकळ्या जागेवर, बराच उंच घिरट्या घालत होता. उडवायची परवानगी काढलीय का, हे त्याला ना कमिटीनं विचारलं, ना मी.

यजमान टीमला शेवटच्या ओव्हरमध्ये चौदा रन हवे होते. स्ट्राइकवर गावचाच डावखुरा, उंच, मनगटाचा तगडा. मंडपात पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती, मांडीवर चार वर्षांची नात. बाई पहिल्यांदाच मॅच बघायला आल्या होत्या. हे मला कळलं होतं, म्हणून मी माइकवरून दोनदा त्यांचं स्वागतही केलं होतं.

पहिला चेंडू. पोरानं पाय काढला आणि असा काही घुमवला, की चेंडू कुंपण ओलांडून पलीकडच्या भाताच्या रिकाम्या खाचरात. “सिक्सऽऽर! घेऊन या रे कुणीतरी, खाचरातनं शोधून घेऊन या!” मी ओरडलो. कोपऱ्यातल्या बँजो पार्टीवाल्यांनी ताशा धरला, माणसं खुर्च्यांवर चढली, मंडपातल्या बायका उभ्या राहिल्या. माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू. पाच चेंडूंत आठ रन! मला वाटलं, हा आनंद दुबईपर्यंत दिसायला हवा.

“आपल्या ड्रोनला सांगतो, आता पब्लिककडं या! मंडपाकडं या! हात वर करा सगळ्यांनी, तुमी लाइव्ह आहात!”

मेहुण्यानं मान वर करून मला खूण केली. “दाजी, गर्दीवर नको. पंखे आहेत त्याला.”

मी माइकवर हात ठेवला. “अरे, एक चक्कर. दोन मिनिटांचं काम.”

“वारा पण आहे.”

“टेन्शन नको घेऊ रे!” आणि माइकवरचा हात काढून मी जोरात म्हणालो, “खाली आण! अजून खाली! सगळ्यांचे चेहरे दिसू दे!”

माइकवरून सांगितल्यावर अख्खं मैदान ओरडायला लागलं, “खाली, खाली!” एवढ्या लोकांसमोर तो नाही कसा म्हणणार? ड्रोन मंडपाच्या पुढं आला, दोन पुरुष उंचीवर थांबला. बायका हात हलवत होत्या, पोरी मोबाइल वर धरून त्याचाच फोटो काढत होत्या. त्याच वेळी टीमचा झेंडा बांबूला बांधून नाचवणारा एक जण गर्दीतनं पुढं घुसला. त्याचं लक्ष मैदानाकडं होतं. झेंड्याचं टोक पंख्यात गेलं.

मी मचाणावरून सगळं पाहिलं. कर्रर्र असा आवाज आला, ड्रोन एका बाजूला कलला, आडवा होऊन मंडपाच्या पहिल्या रांगेवर गेला. डावखुऱ्याच्या आईनं नातीला पोटाशी ओढलं आणि डावा हात समोर धरला. ड्रोन त्या हातावर आपटला आणि खाली मॅटवर पडून गरगरत राहिला. मग त्यातून धूर निघाला.

ताशा वाजतच होता. मागच्यांना काय झालं ते दिसलं नव्हतं, त्यांना फक्त धूर दिसला. कुणीतरी ओरडलं, “फुटला! बॅटरी फुटली!” आणि सगळी गर्दी त्या एका दरवाज्याकडं वळली. एक म्हातारे गृहस्थ खुर्चीसकट आडवे झाले. त्यांच्या मागून आणखी माणसं येत होती. माझ्या हातात माइक होता, आणि दुसरं काही माझ्याकडं नव्हतंच.

“बँजो बंद!” मी म्हणालो. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ताशा थांबला. मग मी आवाज खाली आणला, ओव्हर सुरू व्हायच्या आधी आणतो तसा. “कुणी पळायचं नाही. स्फोट नाही झालेला. ड्रोन पडलाय, बस्स. जो जिथं आहे तिथंच खाली बसा. दरवाज्यावरचे, तुमी पण बसा. खेळाडूंनो, सगळे मंडपाकडं या, हातात हात धरून साखळी करा. ते बाबा पडलेत, त्यांना आधी उठवा.”

एवढा वेळ माझं ऐकून ऐकून लोकांना सवय झाली असेल, पण माणसं बसली. आधी मधली, मग दरवाज्याकडची. दोन्ही टीमची पोरं धावत आली आणि साखळी झाली. म्हातारबाबा उठून उभे राहिले, कपडे झटकले. बॅट तशीच हातात घेऊन डावखुरा आईकडं धावला. मेहुणा धूर येणाऱ्या ड्रोनवर रेती टाकत होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आईच्या तळहातापासून मनगटापर्यंत कापलं होतं, पदर लाल झाला होता. पण त्या आपल्या पोराला म्हणत होत्या, “मना काय नाय झाला. आदी पोरीला बघ.” पोरीला खरचटलंसुद्धा नव्हतं. कमिटीतल्या एकानं आपल्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. मॅच थांबली ती थांबलीच. दोन्ही कप्तान म्हणाले, आज नाही खेळायचं.

संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर मेहुण्याला शिव्यांचा भडिमार. “ड्रोनवाल्याला अक्कल नाय.” घरी बायकोनं ते रेकॉर्डिंग लावलं. त्यात भावाचा आवाज कुठंच नव्हता. माझा होता, खणखणीत. “खाली आण! अजून खाली!” बायको माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, “त्यानं तुमाला सांगितलं होतं ना?”

रात्रीच मी ग्रुपवर लिहिलं, की त्यानं दोनदा नको म्हटलं होतं, मीच ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी मेहुण्याला घेऊन डावखुऱ्याच्या आईंच्या घरी गेलो. हाताला सात टाके, पट्टी कोपरापर्यंत. नात शेजारी बसून टोस्ट खात होती. मी म्हणालो, “आई, चूक माझी आहे. याला मीच भाग पाडलं.”

त्यांनी मला नीट न्याहाळलं. “मना म्हाईत हाय. पन मी बी हात हलवीत व्हते ना! सगल्या हलवीत व्हत्या. कोनाला वाटला, ते डोक्यावर येल?” मग मेहुण्याकडं वळून म्हणाल्या, “तुना कलत व्हता ना, मंग कशाला आयकलास याचा? हा तं बोलतंच ऱ्हाते.”

आणि त्यांनीच चहा मागवला.

मेहुण्यानं त्यानंतर ड्रोन उडवायचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. जवळच्या विमानतळामुळं आमच्या पट्ट्यात कुठं उडवायचं आणि कुठं मुळीच नाही, ते त्याला तिथं कळलं. गर्दीवर तर नाहीच नाही. आता हळदीत कुणी “भाई, स्टेजवर आण ना” म्हणालं, की तो रिमोट बंद करून बॅगेत टाकतो. दोन-तीन कामं त्यामुळं गेली, पण तो ऐकत नाही.

मॅचचं म्हणाल, तर पुढच्याच रविवारी उरलेले पाच चेंडू खेळायचं ठरलं. फक्त पाच चेंडू, तरी मैदान पुन्हा फुल्ल! दरवाजा या वेळी चांगला रुंद केलेला. कॅमेरे दोन, दोन्ही जमिनीवर. मी माइक घेतला तेव्हा आधी मंडपाकडं बघितलं, पण पहिला चेंडू पडला आणि सगळं विसरलो. दोन रन. मग डॉट. पुन्हा दोन. पुन्हा डॉट! शेवटच्या चेंडूवर जिंकायला चार हवेत. डावखुऱ्यानं मिडविकेटला मारला, चेंडू कुंपणाच्या हातभर अलीकडं अडला, एक पळाले, दोन पळाले, “तिसरा! तिसरा निघालेत, मॅच टाय करायला!” मी मचाणावर उभा राहून किंचाळत होतो, आणि थ्रो थेट स्टंपवर!

डावखुराच रनआउट. एका रननं हरले. तरी दोन्ही गावांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या, की मला माझाच आवाज ऐकू येईना. मंडपात आई पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातात धरून पोरावर ओरडत होत्या, “बॅट टेकवाची ना रं, बॅट!”