पंचशीलाताईंचा उजवा कान

पंचशीलाताई पहिल्यांदा आमच्या फाटकाशी आल्या तेव्हा रविवारची सकाळ होती, दहाचा सुमार. नागपुरातल्या हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीत, घरं तशी सुटी सुटी आहेत, पण खिडक्या सगळ्यांच्या उघड्या असतात. मी नवे स्पीकर आणल्यापासून शेजारचे दोघे-तिघे येऊन कुरकुरून गेले होते. त्यामुळे साठीतली, सुती साडीतली, हातात भाजीची पिशवी धरलेली एक बाई फाटकाची कडी वाजवते आहे म्हटल्यावर मी आधीच ओशाळा चेहरा करून बाहेर गेलो आणि आवाज कमी करतो म्हणालो.

"कमी कराले नाई सांगून राहिली मी," त्या म्हणाल्या. "हे गाणं माह्याजवळ हाय. तुमची कॉपी खराब हाय, एवढंच सांगाले आली."

मी लावलेलं गाणं एका इंग्लिश बँडचं, बावीस मिनिटांचं. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्या प्रकारातलं. पन्नासएक वर्षांपूर्वी हा प्रकार तिकडे बहरला. गिटार आणि ड्रमच्या जोडीला बासरी, ऑर्गन, कधी अख्खा वाद्यवृंद, आणि ताल मध्येच सात मात्रांचा, मध्येच पाचाचा. नागपुरात हे ऐकणारे आम्ही पाच-सहा जण होतो आणि सगळे एकमेकांना ओळखत होतो, असा माझा समज होता. माझ्या दारात उभ्या असलेल्या बाई टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या निघाल्या.

त्यांना आत बोलावलं. मधली खुर्ची मी दोन्ही स्पीकरपासून अगदी टेप लावून मोजून ठेवली होती. त्यांनी ती सरळ आडवी फिरवली आणि उजवा कान एका स्पीकरकडे करून बसल्या. बावीस मिनिटं हलल्या नाहीत. संपल्यावर उठल्या, खुर्ची उलट बाजूला फिरवली आणि म्हणाल्या, आता पुन्हा लावा. मी विचारायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं. डावा कान लहानपणी गालगुंडात गेला, तेव्हापासून एकच आहे. एकदा एका बाजूनं ऐकायचं, मग दुसऱ्या बाजूनं, आणि दोन्ही डोक्यात जुळवायचं.

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी निकाल दिला. "मशीन चांगलं हाय तुमचं. माल खराब टाकून राहिले त्याच्यात." त्या वेळी मी स्पीकर बदलायच्या विचारात होतो. पुढच्या रविवारी त्यांनी त्यांच्याकडची त्याच अल्बमची जुनी सीडी आणली आणि आम्ही दोन्ही पाठोपाठ लावल्या. माझी नवी, 'सुधारून' काढलेली. तिच्यात सगळी वाद्यं सारख्याच जोरानं अंगावर येत होती. जुनी सुरुवातीला बारीक वाटली. आवाज थोडा वाढवला, तसा ड्रमवाला मागे सरकला, गिटारवाला बाजूला झाला आणि मधे जागा दिसायला लागली. चार महिने मी त्या खोलीत बसत होतो, पण माझे स्पीकर मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

"गर्दी चालते गा, कल्ला नाई चालत," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कुठलाही अल्बम त्या याच एका मापानं मोजायच्या. बँड कितीही नावाजलेला असो, वाजवणारे कितीही तयारीचे असोत, ध्वनिमुद्रणात एकमेकांच्या अंगावर पडत असतील तर त्या सीडी काढून पाकिटात घालायच्या आणि म्हणायच्या, लोक चांगले आहेत, पण यांना कोणी नीट उभं नाही केलं.

ताई मूळच्या कुही तालुक्यातल्या. घरी धानाची शेती, वडील शाळेत चपराशी. एका कानानं माणसाला ऐकू कमी येतं असं मला वाटायचं. त्यांनी समजावून सांगितलं की तसं नसतं. शांत खोलीत एकट्या माणसाचं बोलणं त्यांना तुमच्या-माझ्यासारखंच ऐकू येई. अडचण व्हायची ती माणसं वाढली की. आवाज कुठून येतो हे कळायला दोन कान लागतात. ते नसले की लग्नातल्या पंगतीत, वर्गात, सभेत सगळे आवाज एकाच ठिकाणाहून, एकमेकांत कालवल्यासारखे येतात. लहानपणी त्या अशा जागी नुसत्या मान डोलवायच्या. गावात त्यांना मंद समजत.

टेलिफोन खात्यात लागल्यावर ग्लोरिया नावाची अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधली एक अँग्लो-इंडियन बाई त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर असे. ती ऑस्ट्रेलियाला कायमची निघाली तेव्हा तिनं जाताना ताईंना याच प्रकारच्या संगीताची एक कॅसेट दिली. त्यांना इंग्रजी गाण्यांची काहीच ओळख नव्हती. त्यांनी ती आठवण म्हणून लावली.

"पह्यले वाटलं, टेप खराब झाली, गाणं संपूनच नाई राहिलं," त्या सांगत. "मंग समजलं. तिथं दहा जण एकदम बोलून राहिले होते अना मले दहाही जण वेगवेगळे ऐकू येत होते. जिंदगीत पह्यल्यांदा मी गर्दीत बसली होती."

त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षं त्यांनी अशा गर्दीच्या शोधात घालवली. रेल्वे क्वार्टरमधली कुटुंबं परदेशी जाताना सामान काढत, तिथून एलपी तबकड्या आणल्या. इतवारीतल्या भंगाराच्या दुकानांतून आणल्या. पुढे भिलाईला असलेली त्यांची मुलगी प्रज्ञा मैत्रिणींकरवी परदेशातून सीडी मागवून द्यायला लागली. नवरा शाळामास्तर होता, लवकर वारला. त्यानं हयातभर हे संगीत एकदाही आवडून घेतलं नाही, मात्र ताईंच्या एलपी ठेवायला पुढच्या खोलीतली कपाटं स्वतः उचलून मागच्या खोलीत नेली. आवाज घुमू नये म्हणून तिथल्या भिंतींवर ताईंनी आईच्या हातच्या गोधड्या टांगल्या होत्या. त्या खोलीत बसून मी जितकं शिकलो, तितकं परदेशी मासिकं वाचून शिकलो नाही. त्या सांगायच्या, नव्या आवृत्तीच्या पाकिटावर किती छान लिहिलंय ते बघू नकोस, हळू वाजायची जागा खरंच हळू वाजते का ते बघ. झांज पावसासारखी सरसर वाजत असेल तर ठीक, तव्यावर पाणी पडल्यासारखी चरचरत असेल तर ठेवून दे.

एक प्रसंग सांगायला मला आजही संकोच वाटतो. आमच्या कंपूतल्या एकानं भारी किमतीची स्पीकरची वायर आणली होती. माझ्या घरी सगळे जमले. जुनी वायर काढून नवी जोडली, तेच गाणं पुन्हा लावलं आणि सगळे एकमुखानं म्हणाले, पडदा दूर झाल्यासारखं वाटतंय. ताई म्हणाल्या, मले तं फरक नाई समजला. वायरवाला हसून म्हणाला, तुमचं कसं आहे, तुम्हाला एकच कान. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "अविनाश, तुले आला का ऐकू?"

मी हो म्हणालो. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन मी ते कबूल केलं. त्या धान्य निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, माहीत होतं, बोलताना तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मग त्यांनी आपल्या नोकरीची गोष्ट सांगितली. वैद्यकीय तपासणीच्या वेळी सगळ्यांनी त्यांना पढवलं होतं की डाव्या कानाशी डॉक्टरनं घड्याळ धरलं की हो म्हण, त्याला काय कळतंय. वडील तोवर निवृत्त झाले होते, घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. डॉक्टरनं घड्याळ धरलं आणि ही बावीस वर्षांची मुलगी म्हणाली, या कानानं मला ऐकू येत नाही. डॉक्टरनं कागद खात्याच्या साहेबांपुढे सरकवला. साहेबच म्हणाले, आपल्या हेडसेटला तरी कुठे दोन कान आहेत, घ्या तिला.

"नसतं घेतलं तर?" मी विचारलं.

"तं धान लावाले गेली असती," त्या म्हणाल्या. "पण जे ऐकू नाई आलं त्याले हो म्हणलं असतं ना, तं मंग जे ऐकू येते त्याच्यावर बी माहा भरोसा नसता राह्यला."

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका सकाळी मी ऑफिसला निघत होतो. ताई फाटकातून आत आल्या. हातात कागद होता. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं : उजवा कान गेला. दवाखान्यात चल. मी काहीतरी विचारलं, त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. रात्री नीट झोपल्या होत्या. सकाळी दूधवाला समोर उभा राहून तोंड हलवताना दिसला, तेव्हा त्यांना कळलं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की असं अचानक होतं, कारण बहुधा सापडत नाही. लगेच आणलं हे चांगलं केलं. इंजेक्शनं सुरू करू, पण खात्री कोणी देऊ शकत नाही. हे सगळं मी मोबाइलवर मोठ्या अक्षरांत टाइप करून त्यांना दाखवत होतो. "खात्री नाही" हे शब्द मी गाळले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि, स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे, सबंध ओपीडीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या, "पुरं लिही."

मी पूर्ण लिहिलं.

प्रज्ञा भिलाईहून आली. पंधरा दिवस रोज इंजेक्शन, एक दिवसाआड तपासणी. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेतून बघायचो. आत बसलेल्या ताईंचे डोळे मिटलेले, अंगठा बटणावर आणि कपाळावर घाम. तपासणारी मुलगी भली होती. ती खुणेनं सुचवायची की शंका आली तरी दाबा. ताई दाबायच्या नाहीत. पहिल्या तीन तपासण्यांत त्यांनी एकदाही बटण दाबलं नाही. चौथ्या वेळी एकदा दाबलं, थोड्या वेळानं पुन्हा एकदा. बाहेर प्रज्ञा माझा दंड धरून रडायला लागली.

खालचे, जाड आवाज बरेचसे परत आले. वरचे बारीक आवाज आले नाहीत. श्रवणयंत्रानं समोरच्याचं बोलणं कळायला लागलं, संगीत मात्र त्यातून पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं येई. त्यामुळे ते ऐकताना त्या यंत्र काढून ठेवत. हे मला नंतर कळलं, कारण महिना-दीड महिना त्यांनी काही लावलंच नाही. मी रोज संध्याकाळी जायचो. मागच्या खोलीचं दार बंद असायचं.

दिवाळीच्या आधीच्या एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. खोली झाडून ठेवली होती. यंत्र काढून त्यांनी डबीत ठेवलं, सीडी लावली आणि मला स्पीकरच्या समोर, बरोबर मधे बसवलं. स्वतः शेजारी वेताच्या मोढ्यावर बसल्या. ड्रम सुरू झाले, बास गिटार आली. त्यांची बोटं मांडीवर सात मोजत होती. मग बोटं थांबली.

"आता बासरी सुरू झाली असंन," त्या म्हणाल्या. "सांग."

मी त्यांच्याकडे तोंड करून, मोठ्यानं म्हणालो की फार सुंदर वाजते आहे.

"सुंदर हाय ते मले माहीत हाय. कुठं हाय ते सांग."

मी डोळे मिटले. मधून जरा उजवीकडे, मी सांगितलं. ड्रमच्या थोडी मागे. सूर लागायच्या आधी श्वास ऐकू येतो. त्या हो, हो म्हणत होत्या. पुढे ती वर जाईल म्हणाल्या, आणि ती वर गेली. मी सांगत राहिलो. बासरी थांबते तिथे क्षणभर शांतता आहे आणि त्या शांततेत डावीकडे, खूप लांब, कोणाची तरी खुर्ची कुरकुरते.

"काय कुरकुरते?"

"खुर्ची. कोणीतरी उठलं असावं."

त्यांनी मला ती जागा पुन्हा लावायला सांगितली. तीनदा लावली. त्या डाव्या स्पीकरला हात लावून, वाकून बसल्या. ती कुरकुर त्यांना आता ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि पस्तीस वर्षांत, चांगल्या कानानंही, ती कधी ऐकू आली नव्हती. त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं. त्या सरळ झाल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, आजारपणानंतर पहिल्यांदाच, हसू होतं.

"म्हणजे अजून बाकी हाय तं," त्या म्हणाल्या.

जानेवारीत प्रज्ञा त्यांना भिलाईला घेऊन गेली. एकटीनं राहणं आता धोक्याचं होतं आणि ताईंनीही हट्ट धरला नाही. एलपी, सीडी, स्पीकर सगळं गेलं. मी आणि ट्रकवाल्यानं मिळून बांधलं. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, त्यामुळे त्या मेसेज करतात, जसं बोलतात तसंच लिहितात. मागच्या शनिवारी दुपारी एक आला. कुठल्या तरी नॉर्वेच्या बँडचा नवा अल्बम त्यांच्या हाती लागला होता. 'ढोल स्वच्छ हाय,' त्यांनी लिहिलं होतं. 'पोरायनं जागा सोडून वाजवलं. वरचं तू ऐक अना सांग.'

मी तो अल्बम मिळवला आणि रविवारची सकाळ त्यावर घालवली. मग लिहायला बसलो. बासरी नाही, व्हायोलिन आहे, डाव्या बाजूला. झांज मऊ आहे. तिसऱ्या गाण्यात मागे कोणीतरी गुणगुणतं असं वाटलं, पण दोनदा ऐकूनही मला नक्की सांगता येत नाही. शेवटचं वाक्य खोडावं की ठेवावं याचा जरा विचार केला, आणि ठेवलं.