वरच्या टोपलीतली पाखरं

आमचे हे चाळीस वर्षं पाव भाजतायत, आणि चाळीस वर्षं दुसऱ्या एका भट्टीवाल्याच्या वतीने भांडतायत. तो बिचारा मरून हजारो वर्षं झाली. यहुद्यांच्या इब्री शास्त्रातल्या गोष्टीत आहे तो.

शनिवारी आमच्या गल्लीच्या टोकाला शास्त्रवाचन असतं. निवृत्त मास्तर वाचतात, आम्ही पंधरा-वीस जण ऐकतो. वर्षातून एकदा ती गोष्ट येतेच. राजाची दोन माणसं तुरुंगात पडतात, एक राजाचा प्याला भरणारा आणि एक राजासाठी पाव भाजणारा. एकाच रात्री दोघांनाही स्वप्नं पडतात. तिथे परक्या मुलखातला एक तरुण कैदी असतो, तो अर्थ सांगतो. प्यालेवाल्याला द्राक्षवेलीच्या तीन फांद्या दिसल्या, म्हणजे तीन दिवसांत तो सुटणार. हे ऐकून भट्टीवाल्याला धीर येतो. तो म्हणतो, माझ्या डोक्यावर पावाच्या तीन टोपल्या होत्या आणि वरच्या टोपलीतलं पाखरं खात होती. कैदी म्हणतो, तीन दिवसांत तुला फाशी. आणि होते!

"का पण?" हे दरवर्षी उठून उभे राहतात. "त्याचा गुन्हा काय, ते लिहिलंय का कुठे? ओतणारा सुटला आणि राबणारा लटकला. हा कुठला न्याय?"

मास्तर चष्मा पुसत बसतात. लोक खो-खो हसतात. मला मेलीला लाज वाटते. घरी आल्यावर मात्र ह्यांचा सूर वेगळा असतो. "तसा तोही बावळटच. माल उघडा न्यायचा असतो का? वर फडकं टाकायला काय झालं होतं?"

बाकी माणूस कामात सोळा आणे. भट्टी तापली की नाही हे बघायला चिमूटभर पीठ आत टाकतात आणि त्याचा रंग बघतात. भाजलेला पाव उलटा करून बोटाने वाजवतात, कान लावतात, मग ठरवतात. कोपरापर्यंत हात चटक्यांनी भरलेले. बोलायला लागले की तोंडाला खीळ नाही, आणि लेकीचा विषय निघाला की लोण्यासारखे वितळतात. एकच लेक आमची. शिक्षण संपल्यापासून दोन वर्षं ती ह्यांच्या बरोबरीने भट्टीवर आहे. हात अगदी बापाचा. तिने मळलेली कणीक मी डोळे मिटून ओळखीन.

पण ह्यांच्या डोक्यात एकच. "माझं आयुष्य धगीत गेलं, पोरीचं नाही जाणार." तिच्या मागे लागून यांनीच तिला परगावच्या एका ऑफिसात अर्ज करायला लावला. गेल्या महिन्यात, गुरुवारी, तिथून पत्र आलं. जागा मिळाली, तीन दिवसांत उत्तर कळवा. लेक म्हणाली, "बाबा, मला नाही जायचं. मला ही भट्टी चालवायचीय." हे म्हणाले, "उद्या बघू."

उद्या उजाडला तो करपलेल्या वासानेच. पहिला घाणाच जळाला. चाळीस वर्षांत कधी झालं नव्हतं! मी धावत गेले, तर हे पिठाच्या पोत्यावर बसलेले, चेहरा पांढराफटक.

"स्वप्न पडलं गं पहाटे. तीन टोपल्या. वर फडकं नाही, आणि पाखरं खातायत."

"मग? ती गोष्ट काय आज ऐकताय?"

"माझ्या डोक्यावर नव्हत्या गं. पोरीच्या डोक्यावर होत्या."

माझ्याही काळजात चर्र झालं, खोटं कशाला बोलू? पण म्हटलं, "मनी वसे ते स्वप्नी दिसे. दिवसरात्र तेच घोकत बसता, दुसरं काय दिसणार?"

ऐकतील तर शपथ. "तीन टोपल्या, तीन दिवस. पत्रातही तीनच दिवस. भट्टीवर राहिली तर तिचं काही खरं नाही. जाऊ दे तिला. आजच होकार कळवायचा." लेक आतून आली, हात पिठाने माखलेले. "स्वप्न तुम्ही बघायचं आणि घर मी सोडायचं? वा रे न्याय!" म्हणाली, आणि कणकेचा गोळा असा आपटला की फळी हादरली. मग दुपारपर्यंत दोघंही आपापले निरोप माझ्याकरवी धाडत होते. मी मध्ये, अडकित्त्यातल्या सुपारीसारखी.

दुपारी मी तडक मास्तरांकडे गेले. म्हटलं, "तुमच्या गोष्टीने माझ्या घरात आग लावलीय, आता तुम्हीच विझवा."

मास्तर म्हणाले, "वहिनी, मला स्वप्नातलं काही कळत नाही. मी नुसता वाचतो." मग जरा थांबून म्हणाले, "पण त्या कैद्याने अर्थ नंतर सांगितला. आधी सकाळी त्याने दोघांचे चेहरे बघितले आणि विचारलं, आज तुमची तोंडं का उतरलीत? ती ओळ सगळे विसरतात."

मी वाटभर तीच ओळ घोळवत आले. हे संध्याकाळच्या मालाची कणीक मळत होते. मी समोर स्टूल ओढून बसले.

"अहो, स्वप्नात पोरीचं तोंड कसं होतं?"

"तोंड?"

"हो, तोंड. टोपल्या मोजल्यात, पाखरं बघितलीत, फडकंसुद्धा शोधलंत. पोरीकडे बघितलंत का?"

ह्यांचे हात कणकेतच थांबले.

"हसत होती गं," हळूच म्हणाले. "पाखरांना म्हणत होती, सावकाश खा रे, अजून आहे."

"अगं बाई! आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय? आणि तुम्ही कुठे होतात?"

"मी..." त्यांनी मान खाली घातली. "मी कुठेच नव्हतो. सगळीकडे शोधलं स्वतःला. भट्टी होती, ती होती, मी नव्हतो."

आणि रडायला लागले. तीस वर्षांच्या संसारात यांचं एकही बोलणं मी परतवल्याशिवाय सोडलं नाही, पण त्या वेळी मी स्टूल ओढून ह्यांच्याजवळ सरकले. मलाही रडू आलं. पोरीच्या काळजीखाली हे एवढं स्वतःचं दुःख दडपून बसले होते आणि मला पत्ताच नव्हता.

लेक दाराशी उभी होती. किती वेळ, देव जाणे. ती येऊन ह्यांच्या शेजारी उभी राहिली आणि त्याच कणकेत हात घातला.

"तू भट्टी घेतलीस," हे नाक ओढत म्हणाले, "तर मी काय करायचं?"

"मला पहाटे उठवायचं. गजराने जाग येत नाही मला, माहितीय ना तुम्हाला?"

"एवढंच?"

"सुरुवात तिथून करा. मी उठले की पुढची कामं सांगते."

हे हसले! डोळे पुसायला गेले आणि सगळ्या तोंडाला पीठ लागलं. रात्री तिने नकाराचं पत्र लिहिलं, आणि पाकिटाला डिंक यांनी लावला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तर हे अंथरुणात नाहीत. बाहेर आले, तर लेकीच्या दाराशी उभे, हात वर केलेला, दारापासून चार बोटं लांब.

"अहो, ठोका की!"

"हळू बोल," हे कुजबुजले. "गाढ झोपलीय. स्वप्न बघत असेल."

मग मीच दार वाजवलं.