‘मी’ म्हणजे कोण?

दारावरची बेल वाजली की माझी नणंद, आमची ताई, आतूनच विचारते, "कोण?" बाहेरून "मी" असं उत्तर आलं की म्हणते, "मी म्हणजे कोण?" यातून सख्ख्या भावाचीही सुटका नाही. लग्नानंतर मला ही बाई भलतीच खडूस वाटली होती. नोकरीतही ती हेच करते. लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम कुठून फुटतात ते शोधते आणि त्याचा पगार घेते.

आमच्या लेकीला, चिमणीला, दर महिन्याला रक्त चढवावं लागतं. तिचा रक्तगट फार थोड्यांचा. म्हणून माझ्या नवऱ्याने रक्तदात्यांची वेबसाइट तयार केली. ती सगळ्यांसाठी खुली करायच्या आदल्या दिवशी ताई लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली.

नवरा खुशीत होता. "वेबसाइटच्या पत्त्यापुढे 'शोधा' लिहिलं की शोधायचं काम चालतं, 'नोंदवा' लिहिलं की नोंदवायचं. जो शब्द येईल, त्या नावाचं काम प्रोग्रॅम स्वतःच हुडकून चालवतो. एका ओळीत भागलं!"

"शब्द कोण लिहिणार?"

"जो येईल तो."

ताईने आधीच जमवलेल्या दात्यांच्या यादीची नक्कल काढली, प्रोग्रॅम त्या नकलेवर लावला आणि पत्त्यापुढे लिहिलं, 'पुसा'. काहीच झालं नाही. मग लिहिलं, 'सगळंपुसा'.

पडद्यावर आलं, 'दाते: शून्य'.

नवऱ्याचा चेहरा उतरला. चाचणीच्या नोंदी पुसायला ते काम त्याने स्वतःपुरतं लिहिलं होतं, त्याचं बटणसुद्धा कुठे नव्हतं. "तुला नाव कसं कळलं?"

"तुला सुचलं, मला सुचलं. तिसऱ्याला नाही सुचणार?"

नक्कल होती म्हणून बरं. कुण्या परक्याने एक शब्द टाकायचा आणि यंत्राने साधं 'कोण?' असंही न विचारता माझ्या लेकीची माणसं पुसून टाकायची! इतकं आज्ञाधारक काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि ते आधीच ओळखणाऱ्या या बाईकडे मी बघतच राहिले.

मग दोघांनी प्रोग्रॅमला दोनच शब्द नेमून दिले. तिसरा आला की परत पाठवायचा. पुसायचं काम तिथून उचलूनच नेलं.

"आता नवीन काम जोडलं की दर वेळी इथे हात घालावा लागणार," नवरा कुरकुरला.

"घाल की," ताई म्हणाली.

पुढच्या खेपेला दवाखान्यात चिमणीला रक्त चढत असताना खोलीच्या दारावर टकटक झाली.

"कोण?" चिमणीनेच विचारलं. आत्याची भाची!

"मी."

"मी म्हणजे कोण?"

बाहेरचा माणूस जरा गोंधळला. "ते... वेबसाइटवर नाव नोंदवलं होतं. परवा रक्त देऊन गेलो. म्हटलं, मुलगी कशी आहे बघून जावं."

चिमणीजवळ बसलेली ताई उठली आणि तिनेच दार उघडलं.