हट्ट नव्हे, आणि चिपिलही नव्हे

अत्लिस्को गावाच्या बाजारामागे, मक्याच्या गिरणीला लागून असलेल्या खोलीत एन्कार्नासियोन पेरेया पोरं सांभाळायची. एवढं लांबलचक नाव तिच्या बाप्तिस्म्याला पाद्रीबाबांनी काय घेतलं असेल तेवढंच. बाजाराला ती चोना, आणि केस पिकल्यावर मानाने दोन्या चोना. नवरा फार पूर्वीच दुसरीकडे संसार थाटून बसला होता. स्वतःचं मूल नव्हतं. बाजारातल्या बायका सकाळी दुकान मांडण्याआधी आपापलं पोर तिच्या दारात सोडायच्या आणि टोपल्या रिकाम्या झाल्या की घेऊन जायच्या.

हट्टी पोरांची तिला मुळीच धास्ती नव्हती. भोकाड पसरणारं पोर आलं की ती उलट खूश व्हायची, कारण तिच्या मते ते तब्येत ठणठणीत असल्याचं लक्षण होतं. जमिनीवर लोळण घेतलेलं पोर मधेच हळूच एक डोळा उघडून कोण बघतंय ते पाहून घेतं, हे ती नव्या आयांना मुद्दाम दाखवायची. मग स्वतः उठून कोपऱ्यात घेवडा निवडायला बसायची. बघणारंच कुणी नाही म्हटल्यावर नाटक कितीसं चालणार? थोड्या वेळाने पोर हुंदके देत यायचं, तिच्या मांडीवर चढायचं, तिच्याच एप्रनला नाक पुसायचं, आणि प्रकरण मिटायचं.

पण चोनाचा खरा लौकिक होता तो चिपिल ओळखण्यात. आईच्या पोटात दुसरं बाळ राहिलं की त्याचा सुगावा सगळ्यांआधी मोठ्या पोराला लागतो. ते किरकिरं होतं, जेवत नाही, आईचा पिच्छा सोडत नाही. अशा पोराला चिपिल झालं म्हणायचं, त्याच्या मनगटाला लाल दोरा बांधायचा आणि बाळंतपणाची वाट बघायची. आपल्याला दिवस गेलेत हे अत्लिस्कोच्या कितीतरी बायकांना चोनाकडूनच कळलं होतं. एका मासेवालीने तर यावरून भर बाजारात तिच्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं, आणि पुढच्याच महिन्यात ओशाळं तोंड करून मक्याच्या पिठाचे गरमागरम तमालेस घेऊन ती दारात उभी राहिली होती.

फुलं विकणाऱ्या आम्पारोची मुलगी लुसेरो तीन वर्षांची असताना किंचाळायला लागली, तेव्हा चोनाने एक नजर टाकली आणि निकाल दिला.

"पोरी, हिला चिपिल झालंय. तुला दिवस गेलेत बघ."

आणि गेलेलेच होते. पुन्हा एकदा बाजारभर चोनाचं कौतुक झालं. त्या कौतुकानेच सगळा घात केला, कारण त्यानंतर लुसेरोकडे नीट बघायची कुणाला गरजच वाटली नाही.

लुसेरो डोळा उघडून बघायची नाही. आसपास कुणी असो नसो, ती किंचाळायची. मागितलेली वस्तू हातात दिली तरी थांबायची नाही, स्वतःच्याच मनगटाला कडकडून चावायची. शेजारची गिरणी सुरू झाली की कान गच्च दाबून टेबलाखाली शिरायची. आवेग ओसरला तरी मांडीवर यायची नाही. भिंतीकडे तोंड करून घेवड्याचे दाणे एका ओळीत मांडत बसायची. चोनाला हे सगळं दिसत होतं. पण तिच्याकडे उत्तर आधीच तयार होतं, त्यामुळे प्रश्न पडलाच नाही. बाळंतपण होऊ दे, सगळं ठीक होईल, असं ती म्हणत राहिली.

बाळंतपण झालं. मुलगा झाला, त्याचं नाव फाउस्तो ठेवलं. लुसेरोचं किंचाळणं काही कमी झालं नाही, उलट वाढलं. मग लोक म्हणाले, भावाचा मत्सर करते. आणखी काही दिवसांनी म्हणाले, आईनेच लाडावून ठेवलीय. शेवटी डोंगरावरच्या वाडीतून आम्पारोची सासू, दोन्या एर्मिला उतरली. पोरीला माझ्याकडे द्या, मोकळी हवा आणि चपलेचा प्रसाद मिळाला की सुतासारखी सरळ होईल, असं तिचं म्हणणं. नवरा ट्रकवर, घरी असून नसल्यासारखा. आम्पारोने बरेच दिवस नाही म्हटलं, आणि मग एक दिवस हो म्हटलं.

रविवारचा बाजार उरकला की पोरगी आजीबरोबर जाणार, हे सांगायला ती चोनाकडे आली. बाळ पाठीशी शालीत बांधलेलं होतं. बोलता बोलता ते रडायला लागलं, तशी आम्पारो झटकन उठून खोलीबाहेर गेली. चोना मागोमाग गेली, तर ही गिरणीच्या भिंतीआड उभ्यानेच त्याला पाजत होती. ना त्याच्याकडे बघणं, ना एखादा शब्द. चोरून काहीतरी उरकून टाकावं तसं चाललं होतं.

"अगं, अशी इथे का उभी राहिलीस?" चोनाने विचारलं.

"तिच्यासमोर मी याला घेतच नाही, दोन्या चोना. याच्याकडे बघून हसतसुद्धा नाही. याच्यामुळेच तिला झालं, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? याला तर मी कुठे टाकू शकत नाही. म्हणून तिला पाठवतेय. हा नजरेसमोर नसला तर निदान ती शांत होईल."

चोनाला आता उमगलं. आपण सहज बोललेला एक शब्द ही बाई इतके महिने उराशी धरून बसली होती, आणि त्यापायी दोन्ही पोरांवर आई गमावायची वेळ आली होती.

"मी चुकले, पोरी," ती म्हणाली. "पोटातलं बाळ मी बरोबर ओळखलं, पण समोरची पोरगी मला ओळखता आली नाही. हा हट्ट नाही, आणि चिपिल पण नाही. हट्ट करणाऱ्या पोराला काहीतरी हवं असतं. हिला काहीच नको असतं, तिला जे काही होतंय ते नुसतं थांबायला हवं असतं."

"मग हे आहे तरी काय?"

"मला नाही माहीत. ज्याला कळतं त्याच्याकडे जाऊ."

पोरांच्या बाबतीत 'मला नाही माहीत' हे शब्द चोनाच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते.

पोरीला डोक्याच्या डॉक्टरकडे नेताहेत हे ऐकून दोन्या एर्मिलाने कपाळावर हात मारला. चोना शांतपणे म्हणाली, "चपलेने माणूस सुधारत असता, दोन्या एर्मिला, तर तुमचा मुलगा केव्हाच सुधारला असता." जाऊन तर या, मग बघू, एवढंच म्हातारी पुटपुटली.

पुएब्ला शहरातली डॉक्टरीण वयाने लहान होती. ती लुसेरोशेजारी फरशीवरच बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग आम्पारो आणि चोनाला विचारत गेली: घरीही असंच होतं का, किती वेळ चालतं, नंतर काय करते, हाक मारली तर बघते का, बोलते किती. एका भेटीत नाव देता येणार नाही, अजून काही वेळा यावं लागेल, असं तिने स्पष्ट सांगितलं. पण हा खोडकरपणा नाही. आवाज, गर्दी, अचानक झालेला बदल या पोरीला आपल्यापेक्षा फार जास्त बोचतो, आणि यावर मदत करता येते. गिरणी सुरू व्हायच्या आधी तिला सांगायचं. आवेग आला की ओढायचं नाही, आणि एकटं सोडूनही जायचं नाही. जवळ बसून राहायचं.

चोनाला ते लागलं. प्रत्येक वेळी ती या पोरीलाही जमिनीवर सोडून घेवडा निवडायला गेली होती.

आम्पारोचं मात्र यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर तिने खाली मान घालून विचारलं, "हा झाला नसता, तर ती बरी राहिली असती का?"

"नाही," डॉक्टरीण म्हणाली. "ती जन्मापासूनच अशी असणार. यात बाळाचा दोष नाही, आणि तुमचाही नाही."

बाहेर व्हरांड्यात बाक होता. लुसेरो त्याच्या एका टोकाला लाकडी ठोकळे ओळीत लावत बसली. आम्पारोने पाठीवरची शाल सोडली, फाउस्तोला पुढे घेतलं आणि पोरीच्या देखत मांडीवर उताणं निजवलं. लुसेरोने एकदा वर पाहिलं आणि पुढचा ठोकळा लावला.

"माझा राजा," आम्पारो मोठ्याने म्हणाली आणि रडायलाच लागली. "माझं सोनं ते."

रांगायच्या वयाला आलेल्या त्या पोराला आईचा हा आवाज ओळखीचा नव्हता. तो हातपाय हलवायचा थांबला आणि टक लावून तिच्या तोंडाकडे बघत राहिला.