माळावरच्या कपारीतली हाडं

निमोण्याच्या आमच्या माळाला, ओढ्याच्या अंगानं एक खोल कपार आहे. पुण्याच्या एक मॅडम चाळण्या आन् ब्रश घेऊन तिथं बसायला लागल्या, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. हाडांसाठी एवढ्या उन्हात कोण मरतं? मी दौंडला रेल्वेत असतो. सुट्टीला आलो की आधी कपारीवर चक्कर मारायचो. गुप्तधन असणार, नाहीतर जमिनीवर डोळा.

मॅडम सांगायच्या, तळाशी दगड झालेली हाडं आहेत, काळविटाची, गवतात राहणाऱ्या उंदरांची. म्हणजे इथं पूर्वापार गवतच होतं, जंगल नव्हतंच. इथं झाडं लावायचं सरकारनं ठरवलंय ते चूक आहे, हे मॅडम वनखात्याच्या साहेबांना पटवणार होत्या. एवढं गोड बोलणाऱ्या माणसाचा मला भरवसाच वाटत नाही. आमच्या आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, सगळा जीव त्या माळात. झाडं लावून माळ चराईला बंद झाला की मेंढरं विकावी लागणार.

एका दुपारी मॅडमनी वरच्या थरातली हाडं पुढं केली. "आप्पा, ही मेंढ्यांची. सुरीच्या खुणा आहेत. कुणी टाकली असतील?"

आमच्यात देवाला मेंढा कापला की त्याची हाडं कुत्र्यांनी ओढू नयेत म्हणून कपारीत ठेवतात. पणज्यापासूनची रीत. पण बाईनं बळीची केस घातली तर?

"आमची न्हाईत," आप्पा म्हणाले. "कुणी वाटसरूनं टाकली आसतील."

मला बरं वाटलं.

पुढं गावात बैठक झाली. मॅडम बोलल्याप्रमाणे बोलल्या आन् झाडं रद्द झाली. तरी माझं मन काही निवांत होईना. साहेब म्हणाले, "आता गवत जपायला कुंपण घालू. पिढ्यान् पिढ्या इथं मेंढरं चारणाऱ्यांना आत जायला वाट ठेवू. पण तसा पुरावा हवा."

आप्पा उठले. "कपारीतली वरची हाडं आमच्या देवाच्या मेंढ्यांची हायेत, पणज्यापासूनची."

मॅडमचा चेहरा पडला. "आप्पा, तुम्हीच तर वाटसरूची म्हणाला होतात."

"तवा तुमचा भरवसा नव्हता, बाई."

"मग आता आम्ही तुमचा कसा धरायचा?" साहेबांनी विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही बाहेर आलो. मेंढरं लिंबाखाली उभी होती. ती माळावर न्यायची का बाजारात, असं आप्पांनी मला विचारलं.